देवाची उजवी बाजू

"थांबव रे विश्राम, थांबव! माझ्या पोटात ढवळायला लागलंय," मागच्या सीटवरून इंदूआत्या ओरडली आणि बाबांनी गगनबावडा सोडल्यावरच्या पहिल्याच वळणावर गाडी कडेला घेतली.

"आक्का, अजून घाट सुरूसुद्धा झालेला नाही."

"तुझा नसेल झाला. माझा झाला."

आत्या उतरली, कठड्यावर बसली आणि पिशवीतलं लिंबू काढून चोखायला लागली. ती बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून आमच्याकडंच असायची, आणि बाबांना अरेतुरे करणारी घरातली ती एकटीच. गाडी थांबलीच आहे म्हटल्यावर बाबाही उतरले, कमरेवर हात ठेवून दरीकडं तोंड करून उभे राहिले आणि दरवर्षीचं वाक्य म्हणाले, "बघा! इथून समुद्र दिसतो."

खाली सगळं धुरकट होतं. मे महिन्यात तिथून समोरचा डोंगरसुद्धा धड दिसत नाही, समुद्र तर लांबच राहिला.

"दिसतोय ना, कुमुद?"

"दिसतोय की," आई म्हणाली.

"तुला गं, वैजू?"

"मला नाही दिसत."

"दिसेल. सवयीनं दिसतो," बाबा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. आम्हीही हसलो. बाबा हसले की हसायचं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

ही ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत बाबांचं नळ-पाइपांचं दुकान होतं. वर्षभर ते दुकानाबाहेर फारसे पडायचे नाहीत, पण मे आला की जुनी फियाट धुऊनपुसून तयार व्हायची आणि आम्ही कोकणात उतरायचो. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, आणि येताना आंबोलीचा घाट. प्रत्येक किनाऱ्यावर थांबायचं, प्रत्येक खाडीच्या पुलावर उतरून पाण्यात डोकवायचं, कोकम सरबत दिसेल तिथं प्यायचं. त्या दिवसांत बाबांसारखा माणूस नव्हता. आत्याला पाण्यात ओढायचे, आईला हापूस कापून द्यायचे, पुलावरून जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा गाडीत घेऊन त्याच्या गावात नेऊन सोडायचे. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा काय मस्त आहेत गं. होतेच ते मस्त. बाबांनी आयुष्यात कुणाला कधी "नाही" म्हटलं नाही. ते काम त्यांनी देवाकडं सोपवलं होतं.

आमचं मूळ गाव मिठकोंड. देवगडच्या खाली, समुद्राला चिकटून. तिथल्या रवळनाथाच्या देवळात आमच्या घराचा मान. गावात कुणाला विहीर खणायची असो, मुलीचं लग्न ठरवायचं असो, लोक देवाला कौल लावत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. देवाच्या उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. कळी पडल्यावर कौल मोठ्यानं सांगण्याचा मान मात्र गुरवाचा नव्हता. तो आमच्या घराचा. आजोबांनंतर तो बाबांकडं आला होता, आणि त्यासाठी गावचे लोक दरवर्षी मे महिन्यात बाबांची वाट बघत थांबायचे.

त्या वर्षी देवापुढं माझा प्रश्न होता.

कोचीनच्या विद्यापीठात समुद्रविज्ञानाच्या एम.एस्सी.ला माझी निवड झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मी घरात सांगितलं तेव्हा बाबांनी पेढे आणले, दुकानातल्या पोरांना वाटले, आणि रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "समुद्र शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? मी नेतो की दरवर्षी." सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा ते गंभीर झाले. "माझं काही म्हणणं नाही, बाळा. पण मुलीची जात, परका मुलूख. आपण देवाला विचारू. तो हो म्हणाला तर मी स्वतः सोडायला येतो."

मी कबूल झाले. दुसरा मार्गच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की देव आपल्या बाजूनं असेल. बाबांचं मन देवापेक्षा कठीण होतं.

दुपार व्हायच्या आत आम्ही कुणकेश्वरला पोचलो. बाबा शर्ट काढून पाण्यात गेले, आत्या साडी पोटरीपर्यंत खोचून त्यांच्या मागोमाग गेली आणि प्रत्येक लाटेला "अरे मेल्या!" म्हणून किंचाळायला लागली. आई आणि मी सुरूच्या सावलीत बसलो. आईच्या मांडीवर पितळी डबा होता. त्यात फुलवाती. वर्षभर, दुपारची कामं आटोपली की ती रवळनाथासाठी वाती वळायची. कापूस पिंजून, एकेक, सारख्या आकाराच्या. मे महिन्यापर्यंत डबा काठोकाठ भरायचा.

"आई, देव नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"एवढं सोपं?"

"सोपं कुठं म्हटलं मी?" ती डब्याचं झाकण उगाचच उघडून बघत म्हणाली. "माझ्या वेळीही नाहीच म्हणाला होता."

हे मला अर्धवट ठाऊक होतं. लग्नाआधी आई मिरजेला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत शाळेचा निरोप आला, कायम करतो, या. बाबांनी तेव्हाही पेढे आणले होते म्हणे.

"ह्यांची काही हरकत नव्हती," आई म्हणाली. "मिरजेला खोली घेऊ, शनिवार-रविवार मी येत जाईन, इथपर्यंत बोलणं झालं होतं. फक्त म्हणाले, एकदा देवाला विचारू. मग आम्ही आलो. डावा पडला."

"तू बघितलास?"

"बायकांनी खांबापाशी थांबायचं ना गं. मला ह्यांची पाठ दिसत होती नुसती. बाहेर येऊन सांगितलं ह्यांनी. सांगताना डोळे भरले होते ह्यांचे." तिनं झाकण परत लावलं. "एवढं वाईट वाटलं होतं त्यांना. मलाच मग त्यांची समजूत काढावी लागली."

"आणि तुला?"

"मला काय. दोन दिवस जेवले नाही. मग तू झालीस."

पाण्यातून बाबा हाका मारत होते. "कुमुद, ये की! काय तिथं म्हाताऱ्यांसारखी बसलीस!" आईनं हात हलवला, डबा माझ्याकडं दिला आणि साडी सावरत पाण्याकडं गेली. घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बाबांनी तिच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं आणि ती खरोखर हसली. ती त्यांच्यावर रागावलेली मी कधी पाहिली नव्हती.

मिठकोंडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. देऊळ अगदी समुद्रावर. मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की वाळू. देवळात भिकू गुरव होता, होडीला नवं इंजिन घेऊ का असं विचारायला आलेले गावचे दाजी तांडेल होते, आणि पुण्याचे एक लिमये म्हणून गृहस्थ होते. किनारे बघत फिरत निघालेले, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी. वाळूतून चालता चालता देऊळ दिसलं म्हणून वर आले होते. बाबांना नवा माणूस भेटला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. त्यांनी लिमयांना गाभाऱ्याच्या दारापर्यंत नेलं आणि सगळी रीत समजावून सांगायला लागले.

"उजवी पडली तर होकार. पण उजवी म्हणजे कुणाची, सांगा बघू?"

"आपली?" लिमये म्हणाले.

"तिथंच सगळे चुकतात!" बाबा खुशीत आले. ते गाभाऱ्याच्या दारात गेले आणि देवाकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. "हा मी देव. हा माझा उजवा हात. तुम्हाला तो डावीकडं दिसतो. म्हणजे तुमच्या डाव्या बाजूला कळी पडली, तर तो देवाचा उजवा झाला. कौल मागतो आपण, पण देतो देव. तेव्हा बाजू त्याची बघायची. देवाच्या जागी उभं राहून बघायचं, पाहुणे!"

"वा!" लिमये म्हणाले. "काय सुंदर कल्पना आहे."

"कल्पना नव्हे, रीत. माझ्या पणजोबांपासून चालत आलेली."

तेवढ्यात दाजी तांडेलांच्या कळ्या लागल्या. गाऱ्हाणं झालं. आमच्या डाव्या हाताची कळी सुटली आणि खाली समईच्या पायाशी पडली. "उजवा!" बाबांनी आवाज दिला. दाजींनी लोटांगण घातलं, सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि घाईनं निघून गेले. त्यांना आजच देवगडला जाऊन इंजिन बघायचं होतं.

मग भिकू गुरव मला म्हणाला, "तू फुडे ये गो चेडवा. जेचो प्रश्न तेणां फुडे रवाचा."

बाबांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. मी दारापाशी गेले. आई आणि आत्या मागं खांबाजवळ राहिल्या. आईच्या हातात डबा होता. गुरवानं नव्या कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या खांद्यांवर लावल्या, हात जोडले, आणि त्याचा आवाज एकदम बदलला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकराचा चेडू शिकूक दूर देशाक जाऊक बघता, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"तेका धाडूचा की नको, ता तूच सांग. धाडूचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी. काय ता एक रोखडा सांग, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मीही म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. मागून लाटांचा आवाज येत होता. लिमये कॅमेरा खाली करून टाचा उंचावून बघत होते. मी कळ्यांकडं बघायचं टाळून समईकडं बघत होते, आणि त्यामुळंच मला ती पडताना दिसली. आमच्या डाव्या बाजूनं, दाजींची कळी जिथं पडली होती तिथंच, तिच्या शेजारी.

मला हसू आलं असावं. बाबांकडं बघितलं. ते त्या कळीकडं टक लावून बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले, खाली वाकून नमस्कार केला आणि वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"डावा," ते म्हणाले. "डावा दिला देवानं. वैजू, माझ्या बाळा."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. भिकू गुरव खाली मान घालून तेलाची वाटी पुसायला लागला. त्याचं घर बाबांच्या जमिनीत होतं. आणि लिमये, ज्यांचं ह्यात काहीच जात-येत नव्हतं, ते अगदी निरागसपणे म्हणाले, "अहो, पण मग देवाचा उजवा ना?"

बाबांनी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"म्हणजे मघाशी तुम्ही सांगितलंत तसं," लिमये म्हणाले. त्यांना वाटलं, आपला हिशेब चुकतोय की काय. त्यांनी बिचाऱ्यांनी देवाकडं पाठ करून स्वतःचा उजवा हात वर केला, वळून समईकडं बघितलं आणि खात्री करून घेतली. "हो, उजवाच की. त्या होडीवाल्यांची पडली तिथंच पडली आहे."

"पाहुणे, ते वेगळं असतं," बाबा हसून म्हणाले. "दारच्या माणसांचा कौल देवाच्या बाजूनं बघतात. घरच्या माणसांचा आपल्या बाजूनं. देव घरच्यांच्या जवळ येऊन बोलतो ना. आमच्या घराची ती जुनी रीत आहे."

"बाबा, ती उजवीच आहे," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कुठं पडली?" असं विचारत आई पुढं आली. खांब सोडून, सभामंडप ओलांडून, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. गुरवानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली. पांढऱ्या दोन कळ्या, शेजारी शेजारी.

"घरच्यांचा कौल आपल्या बाजूनं बघतात?" तिनं विचारलं.

"हो. मग?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून म्हणजे? कायमचंच आहे ते." लिमये ऐकत होते, आणि परक्या माणसासमोर आपलं म्हणणं खरं करून दाखवायची बाबांना घाई झाली होती. "तुझ्या नोकरीचा कौल घेतला तेव्हाही तसंच बघितलं होतं. अगं, तेव्हाही कळी ह्याच बाजूला पडली होती. अगदी हीच जागा, समईच्या पायाशी. मी डावा म्हणून सांगितलं. तेव्हा तू काही बोललीस का?"

आई हलली नाही.

बाबांना आपण काय बोललो ते लगेच कळलं नाही. लिमयांना तर काहीच कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी आईच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही. मागून आत्याचा आवाज आला. ती नेहमीच्या थट्टेच्या सुरात नव्हती.

"विश्राम, घरचं नि दारचं असं काही नव्हतं कधी. आपल्या आबांच्या वेळी मी इथंच लहानाची मोठी झाले. माझ्या लग्नाचा कौलसुद्धा देवाच्याच बाजूनं बघितला होता आबांनी."

"आक्का, तुला काय आठवतंय?"

"सगळं आठवतंय."

बाबांनी लिमयांकडं बघितलं, गुरवाकडं बघितलं, मग आईकडं. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. "कुमुद, तसं नाही," ते म्हणाले.

"वैजू कोचीनला जाईल," आई म्हणाली.

"अगं, पण देवानं..."

"देव हो म्हणालाय. मघाशी तुम्हीच शिकवलंत ह्यांना." तिनं लिमयांकडं हात केला. आवाज चढलेला नव्हता. रोजच्यासारखाच, भात लावू का विचारावं तसा. "सोडायला तुम्ही याल म्हणाला होतात. आलात तर बरंच, नाहीतर मी जाईन तिच्याबरोबर."

वातींचा डबा तिनं गुरवाकडं दिला नाही. परत जाताना तो तिच्या काखेतच होता. गाडीत बसल्यावर तिनं तो पायाशी ठेवला, आणि आचऱ्याच्या पुलावर, दरवर्षीसारखं पाणी बघायला उतरलो तेव्हा, झाकण काढून वर्षभराच्या वाती कठड्यावरून खाली ओतल्या. वाऱ्यानं अर्ध्या आमच्याच अंगावर उडाल्या. आत्या माझ्या केसांतल्या वाती काढत राहिली. बाबा गाडीपाशी उभे राहून टायर दाबून बघत होते, आणि थोड्या वेळानं शीळ घालायला लागले.

मालवणच्या खाणावळीत पोचेपर्यंत ते पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. सुरमई मागवली. मालक ओळखीचा होता. "काय विश्रामशेट, यंदा काय विशेष?" असं त्यानं विचारल्याबरोबर बाबा म्हणाले, "अरे, विशेष म्हणजे पोरगी निघाली कोचीनला! देवाला विचारलं. रवळनाथानं उजवा दिला. म्हटलं, मग आपण कोण अडवणारे?"

मालकानं मला सोलकढी जास्तीची दिली. आईनं बाबांच्या ताटात भात वाढला. आत्या तेवढी ताट बाजूला सारून उठली, म्हणाली, मला ह्या माशाचा वास येतोय.

मी कोचीनला गेले. शिकले, पुढं समुद्रावरच नोकरी केली, जहाजांवरून फिरले, केरळातच स्थायिक झाले. बाबा मला सोडायला आले होते आणि रेल्वेच्या डब्यात भेटेल त्याला उजव्या कौलाची गोष्ट सांगत आले. मरेपर्यंत सांगत होते. इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी त्यांना ती खरीच वाटायची, आणि खरीच तर होती. कौल उजवाच होता. माझ्या सत्काराला एकदा कोल्हापुरात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तिथंही त्यांनी तीच सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिनंही वाजवल्या.

मला मात्र टाळ्या ऐकताना मालवणची ती सकाळ आठवत होती. कौलाच्या दुसऱ्या दिवशीची. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं होतं आणि कोळणी मासे निवडत होत्या. बाबा त्यांच्यात जाऊन भाव करत, त्यांना हसवत बसले होते. आई पाण्याच्या कडेनं चालत होती, मी तिच्याबरोबर होते. रात्रभर तिला झोप लागली नव्हती, हे डोळ्यांवरून कळत होतं.

"आई, तू त्यांना काहीच बोलली नाहीस," मी म्हणाले. रात्रभर माझ्या डोक्यात हेच होतं. "एवढं नुकसान केलं त्यांनी तुझं, आणि तू त्यांना भात वाढलास."

"काय बोलू?"

"काहीही! भांड. ओरड. निघून चल माझ्याबरोबर."

"आता भांडून काय मागू गं त्यांच्याकडं?" ती म्हणाली. "माझ्या जागेवर घेतलेली मुलगी आता मुख्याध्यापिका झाली आहे. दिवाळीत पेपरात फोटो आला होता तिचा. चांगली दिसत होती."

लाट आली आणि तिच्या साडीचा काठ भिजवून गेली. ती तशीच उभी राहिली. मग अचानक तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. तिनं ते पुसलंही नाही.

"वैजू, तुला सांगते. मला वाटलं देव नाही म्हणतोय. आता देवाशी कुठं भांडायचं? म्हणून गप्प बसले. वाती वळत बसले. हे नाही म्हणतायत, असं कळलं असतं ना..." तिनं पाण्याकडं तोंड फिरवलं. "भांडले असते गं मी. चांगली भांडायची मी तेव्हा. हेडबाईसुद्धा घाबरायच्या मला."

पलीकडून बाबांनी हाक मारली. त्यांच्या हातात दोरीला ओवलेले चार बांगडे होते, ते उंच धरून दाखवत होते. आईनं पदरानं तोंड पुसलं, त्यांना दिसेल असा हात वर केला, आणि मासे गाडीत ठेवायला पिशवी कुठली घ्यायची ते सांगायला त्यांच्याकडं निघाली.